साचवीने

खोकी घ्यायला गेले तर कीर्तिभाईने आधी विचारलं,
घर जातंय की दुकान?
घर, म्हटलं. दांडिया बाजारातून वासणा रोडला.
मग पाच पदरी घ्या, बेन.
तीन पदरी दुकानाला चालतात,
दुकानाचा माल एकसारखा असतो.

नवी चाळीसला, वापरलेली अठराला.
वापरलेलीच घेतली. बारा उंझ्याच्या जिऱ्याची,
सात सुरतेच्या साड्यांची, एक कसल्याशा औषधाचं,
त्यावर छत्रीचं आणि काचेच्या पेल्याचं चित्र.
सुतळी अर्धा किलो. चिकटपट्टीचे सहा रोल.
बुडबुड्यांचं प्लास्टिक मात्र मीटरवर,
आणि मी दोन मीटर म्हटल्यावर त्याने असं पाहिलं
जणू माझ्या घरात फुटण्यासारखं काही नाहीच.
चार केले.

रात्री मोरेश्वर खोक्यांना बूड लावत बसले.
चिकटपट्टी ओढताना निघणाऱ्या त्या किंकाळीने
खालचे शिर्के जागे झाले असणार.
एकतीस वर्षांत आमच्या घरातून गेलेला
बहुधा सगळ्यात मोठा आवाज.

कपाचे कान आधी कागदाने भरायचे, मग कप गुंडाळायचा,
हेही कीर्तिभाईनेच सांगितलेलं.
डब्यांचा मेळ बसेना:
सतरा डबे, बावीस झाकणं.
एकेक लावून पाहिलं, उलटंसुद्धा.
पाच उरलीच.
टाकवेनात.
त्यांचं वेगळं पुडकं केलं, सुतळीने बांधलं.

मग प्रत्येक खोक्यावर मार्करने लिहीत गेले.
भांडी. पुस्तकं. देव. माळ्यावरचं. काच.

सकाळी टेम्पोबरोबर दाहोदचा मनू आला, एकोणीस-वीसचा,
खोक्यासमोर उभा राहिला, मान तिरकी करून.
बेन, आ शुं लख्युं?

त्याला पाचवीपर्यंतचं गुजराती येत होतं.
मोरेश्वर म्हणाले, अगं, वरची रेघ काढ,
बाकी जवळपास तेच.
पण मार्करची रेघ काढता येत नाही.
शेजारी पुन्हा लिहिलं, रेघ न देता,
क जरा त्यांच्यासारखा वळवून:
छप्पर काढलेली दोन अक्षरं
उन्हात उभी.
मनूने ती लगेच वाचली
आणि खोकं पोटाशी धरलं.

भांड्यांना वासण. पुस्तकांना चोपडी.
देवाला देवच.
आणि 'सांभाळून'ला रे?
साचवीने, तो म्हणाला, जिन्यातूनच.

मी वीसही खोक्यांवर लिहिलं, साचवीने.
लिहिताना हसू आलं,
कारण आमच्याकडे साचवणं म्हणजे
धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या,
कडीला अडकवलेले रबरबँड,
बंद पडलेल्या मिक्सरची हमीपत्रं,
ज्यांवरून गेला महिनाभर आम्ही दोघं
एकमेकांशी धड बोललो नव्हतो.
आणि त्याच्याकडे म्हणजे
अंधाऱ्या जिन्यात पुढची पायरी
आधी पायाने चाचपणं.

पुडकं उचलून त्याने विचारलं, यात काय?
सांगता येईना.
माझ्याकडेच दे, म्हटलं.

शिर्केबाई दारात आल्या, हातात दह्याची वाटी.
चमचा कुठल्या खोक्यात गेला
ते मला आठवलं नाही,
तळहातावर घेऊन चाटलं.
किल्ली घरमालकाच्या मुलाने
फोनवर बोलता बोलताच घेतली.

टेम्पो पुढे, मागे आमची स्कूटर.
विश्वामित्रीच्या पुलावर गाड्या तुंबल्या.
मनू जिऱ्याच्या खोक्यांवर उभा,
खाली मगर दिसते का म्हणून
कठड्यापलीकडे अर्धा वाकलेला.

अरे ए, साचवीने!
मोरेश्वर एवढ्यांदा ओरडले
की रिक्षावालेही वळून बघायला लागले.

मांडीवर माझ्या
पाच झाकणं वाजली.